खुर्ची हलवायची नसते : बोस्टनमधली आमची वाटचाल

आमच्या एजन्सीत माणसं तीन. मी, माझा म्हातारा पार्टनर आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी एक कॉलेजची मुलगी, जी स्कॅनिंग आणि बिलं बघते. ऑफिस डॉर्चेस्टरमध्ये, एका डेंटिस्टच्या दवाखान्याच्या वर, त्यामुळे दिवसभर खालून ड्रिलचा आवाज येतो आणि आधीच घाबरलेला क्लायंट जिना चढेपर्यंत अजून घाबरतो. काम प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं. भारतात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे लग्नाआधी मुलाची चौकशी वगैरे का?" आई तर पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाली होती, तू काय स्वतःला रजनी पंडित समजतेस का! समजत नव्हते हो, मी तर साधी इन्शुरन्स कंपनीतली क्लेम्सची बाई.

२००६ ला डोंबिवलीतून इथे आले ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. दोनेक वर्षं घरी बसून काढली, मग एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सला लागले. कामावर पाठ धरली म्हणून क्लेम लावायचा आणि शनिवारी मेहुण्याच्या छपरावर कौलं ठोकायची, असल्या केसेस. त्या तपासायला कंपनी बाहेरून एका माणसाला बोलवायची, बोस्टन पोलिसातून सार्जंट डिटेक्टिव्ह म्हणून रिटायर झालेला, साऊथ बोस्टनमध्ये जन्मलेला, आजीआजोबा आयर्लंडच्या गॉलवे भागातले. त्याचे रिपोर्ट वाचायला मला फार आवडायचं कारण त्यात एकही विशेषण नसायचं. एकदा त्यानेच विचारलं, तू माझ्या रिपोर्टमधल्या तारखांच्या चुका काढतेस, त्यापेक्षा माझ्याकडेच का येत नाहीस. २०११ च्या वसंतात गेले. समोर मी त्याला नावानेच हाक मारते, इथे सगळेच मारतात, पण आमच्या घरात तो "आजोबा"च, माझ्या मुलीने ठेवलेलं नाव.

मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बोस्टन ज्या राज्यात आहे तिथे, उठलं आणि डिटेक्टिव्हची पाटी लावली असं चालत नाही. लायसन्स स्टेट पोलिस देतात, त्याला किमान तीन वर्षांचा तपासाचा अनुभव लागतो, ५,००० डॉलरचा बॉन्ड लागतो, तुमच्या चारित्र्याबद्दल लिहून देणारे लोक लागतात. म्हणून पहिली तीन वर्षं मी आजोबांच्या लायसन्सवर काम केलं आणि २०१४ ला माझं स्वतःचं आलं, तेव्हा त्याने अर्धी एजन्सी माझ्या नावावर केली. पैसे हप्त्याहप्त्याने दिले, फुकट नाही, तेवढं सांगते.

आता आमचा एरिया म्हणजे साऊथ बोस्टन, ज्याला सगळे साऊदी म्हणतात, डॉर्चेस्टर आणि नदीपलीकडचं चार्ल्सटाऊन. जुनी आयरिश वस्ती. तीन मजली लाकडी घरं, प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब, पुढे मागे पोर्च, खालच्या मजल्यावर आई, मधे मुलगी जावई, वर भाडेकरू. चाळीत वाढलेल्या माणसाला हे कळायला दोन मिनिटं पुरतात. भांडण कुणाचं कुणाशी, कुणाच्या पोराला युनियनमध्ये कुणी चिकटवलं, सगळ्यांना सगळं माहीत. पण बाहेरच्याला सांगणार नाहीत. गावकी आणि भावकी दोन्ही एकदम! पोलिसाला सांगणारा तो "रॅट", आपल्या भाषेत फितूर, आणि फितुराइतकी वाईट शिवी तिथे दुसरी नाही. १९७४ ला कोर्टाच्या ऑर्डरने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवायला सुरुवात झाली, गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र करण्यासाठी, तेव्हा साऊथ बोस्टन हायस्कूलपुढे जे दगड फेकले गेले ती लाज आणि तो राग दोन्ही अजून लोकांच्या बोलण्यात येतात, आणि "बाहेरचे येऊन आम्हाला शिकवतात" हे तेव्हापासून आणखी घट्ट झालं असं आजोबांचं मत. माझं मत थोडं वेगळं आहे पण ते राहू दे.

आणि आमच्या धंद्याबद्दलचा राग तर त्याहून जुना. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींत १८७३ पासून पिंकर्टन या प्रायव्हेट डिटेक्टिव्ह एजन्सीचा जेम्स मॅकपारलंड खोट्या नावाने आयरिश कामगारांत राहिला, त्यांच्यात बसून प्यायला, आणि शेवटी त्याच्या साक्षींवर आणि त्यातून निघालेल्या खटल्यांत मिळून २० जण फासावर गेले. तो स्वतः आयरिश, आयर्लंडच्या आर्मा भागातला. मॉली मग्वायर्स, त्या कामगारांच्या गुप्त संघटनेचं नाव, म्हणून ते प्रकरण ओळखतात. आजोबा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "तू दार वाजवशील तेव्हा आतल्या माणसाला आधी तो मॅकपारलंड दिसेल, मग तू." मला वाटलं उगाच भाव खातोय. नाही खात होता.

मी कामाला लागले त्याच जूनमध्ये व्हायटी बल्जर सापडला. साऊदीचा डॉन, १९९४ च्या डिसेंबरात पळालेला, २० लाख डॉलर इनाम लावलेला, आणि कुठे सापडला तर कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला, एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, भिंतीत आठ लाखांहून जास्त कॅश आणि ३० बंदुका. २०१३ च्या उन्हाळ्यात बोस्टनच्याच सीपोर्ट भागातल्या कोर्टात केस चालली तेव्हा आजोबा मला तीन दिवस घेऊन गेला, काम बाजूला ठेवून. आत जागा मिळाली नाही, स्क्रीनवर बघितलं. मला जे लक्षात राहिलं ते खुनांचं नाही. त्याच्या वकिलाने सुरुवातीलाच ड्रग्ज, सट्टा, सावकारी मान्य करून टाकली, पण एक गोष्ट शेवटपर्यंत नाही मानली, की हा एफबीआयचा खबऱ्या होता. १९ खुनांचा आरोप डोक्यावर आणि माणूस भांडतोय कशासाठी तर मला फितूर म्हणू नका! ज्युरीने ११ खून सिद्ध धरले, २०१८ ला तो वेस्ट व्हर्जिनियाच्या जेलमध्ये मारला गेला, ८९ वर्षांचा. एफबीआयमध्ये त्याला खबऱ्या म्हणून सांभाळणारा एजंट जॉन कॉनोली, तोही साऊदीच्याच वस्तीतला पोरगा. आजोबा घरी परतताना गाडीत काहीच बोलला नाही, फक्त साऊदीच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या सिग्नलला म्हणाला, "आम्ही सगळे तोंड शिवून बसलो होतो आणि तो एकटाच बोलत होता."

आता माझी फजिती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय आमची वाटचाल पूर्ण होत नाही.

२०१५ चा हिवाळा, बोस्टनमध्ये त्या सीझनला ११० इंचाच्या वर बर्फ पडला, रेकॉर्ड आहे तो. इथे पद्धत अशी की रस्त्यावरची पार्किंगची जागा तुम्ही फावड्याने मोकळी केलीत की त्यात खुर्ची, कोन, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवायचं, जागा तुमची. महापालिकाही साऊदीत स्नो इमर्जन्सी संपल्यावर ४८ तास हे चालवून घेते. मला हे ऐकून माहीत होतं. पण एका मॅकॅनिकवर नजर ठेवायची होती, क्लेम पाठदुखीचा, आणि त्याच्या घरासमोर एकच जागा, त्यात मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची, तीही पांढऱ्या गार्डनवाल्या टाइपची. मी उतरले, खुर्ची उचलून बर्फाच्या ढिगावर ठेवली आणि गाडी लावली. अर्ध्या तासाने कोपऱ्यावर कॉफी आणायला गेले, परत आले तर चारपैकी दोन टायर सपाट. आणि खुर्ची माझ्या गाडीच्या टपावर, नीट, चारही पायांवर.

दारं वाजवली. सहा. समोर बर्फ झाडणाऱ्या आजीबाईंनी सांगितलं की त्यांनी काही पाहिलं नाही, त्या आत्ताच बाहेर आल्या, पण त्यांच्या पायऱ्या पार रस्त्यापर्यंत साफ झालेल्या होत्या. पोस्टमननेही काही पाहिलं नाही. टो ट्रकवाला आला तो हसायला लागला आणि म्हणाला, डिटेक्टिव्ह तूच का? म्हणजे तासाभरात पूर्ण गल्लीला कळलेलं. आजोबाला फोन केला तर पहिलं वाक्य, "खुर्ची हलवलीस?" क्लायंटने त्या दिवसाचे पैसे दिले नाहीत, टायर आमच्या खिशातून.

त्यानंतर काम करायची पद्धतच बदलली. गाडीत बसून नजर ठेवणं त्या भागात जवळजवळ बंद केलं, आणि मी कागदांकडे वळले. शेजारी बोलत नसले तरी कागद बोलतात, कोर्टाची डॉकेट म्हणजे केसच्या नोंदी, रजिस्ट्री ऑफ डीड्स म्हणजे घर-जमिनीच्या कागदांची नोंदणी, बिल्डिंग परमिट. दुसरं म्हणजे वेक, अंत्यविधीच्या आधी फ्युनरल होममध्ये भेटायला जायची रीत. ओळख असेल तरच जाते, नोंदवही काढत नाही, मागे बसते. कोण कुणाशेजारी उभं राहिलं आणि कोण दारातूनच परत गेलं, हे महिनाभराच्या चौकशीत कळत नाही ते तिथे कळतं. आणि तिसरं, चोरून रेकॉर्डिंग अजिबात नाही. हा इथला १९६८ चा कायदा, समोरच्याला नकळत रेकॉर्ड केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. एका क्लायंटने उत्साहाने भावाबरोबरच्या भांडणाची क्लिप मला पाठवली होती, आजोबाने ती ऐकूसुद्धा दिली नाही, म्हणाला आधी त्याला वकिलाकडे पाठव.

आमची सगळ्यात समाधान देणारी केस २०१९ ची. ओळख लागू नये म्हणून थोडं फिरवून सांगते. एक विधवा बाई, ऐंशीच्या जवळ, वॉकर घेऊन चालणारी, तीन मजली घर नवऱ्याने सत्तरच्या दशकात घेतलेलं. साऊदीत आता अशा घराचे तीन काँडो, म्हणजे मालकीचे वेगवेगळे फ्लॅट, करून विकतात आणि किमती ऐकून चक्कर येते. एक दिवस कर्जाच्या कंपनीचं पत्र आलं, घराच्या पत्त्यावर पण पुतण्याच्या नावाने. बाई पोलिसात जायला तयार नाहीत, घरातलाच पोरगा आहे म्हणे. मुलीने वकील केला, वकिलाने आम्हाला बोलावलं. रजिस्ट्रीतून डीड काढली, एका डॉलरला घर पुतण्याच्या नावे, सही आहे, नोटरीचा शिक्का आहे. बाई म्हणतात मी कुठे गेलेच नाही.

मी ते कागद आजोबाच्या टेबलावर ठेवले. त्याने चष्मा वर केला, तारीख वाचली आणि नुसता हसला. १७ मार्च २०१९. रविवार. सेंट पॅट्रिक्स परेड, आयरिश लोकांच्या सणाची मिरवणूक! त्या दिवशी ब्रॉडवे बंद, लाखो लोक रस्त्यावर, आणि नोटरीच्या नोंदीप्रमाणे बाई दुपारी दोन वाजता शेजारच्या क्विन्सी शहरातल्या ऑफिसात सही करतायत, वॉकर घेऊन. अशक्य नाही म्हणा, पण सिद्ध करायला कुणीतरी बोलायला हवं.

समोर राहणारी बाई दोनदा दारातूनच "नो" म्हणाली. तिसऱ्यांदा पाऊस होता म्हणून आत घेतलं. चहा केला, बॅरीज या आयरिश ब्रँडचा, कडक, भरपूर दूध घालून, मी इतक्या वर्षांत अमेरिकन घरात असा चहा प्यायले नव्हते आणि तसं बोलूनही गेले. मग तिने माझ्या आईबद्दल विचारलं, मी सांगितलं, तिने तिच्या आईचं सांगितलं. पाऊण तास केसचा विषयच नाही. मी विचारलाही नाही. निघताना ती म्हणाली, दरवर्षी परेडचे फोटो काढते मी, बघायचेत का. टॅबवर दाखवले. तिच्याच पायऱ्यांपाशी घडीच्या खुर्चीत आमच्या विधवा बाई, हिरवा स्कार्फ, मांडीवर कुणाचं तरी पोर. वेळ १:५३. तिने टॅब माझ्या हातात तसाच ठेवला आणि म्हणाली, "मी काही सांगितलेलं नाही, तूच बघितलंस."

पुढे वकिलाचं काम. मध्ये कोविड आला, कोर्टं थंडावली, परेड २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं रद्द, आमचीही कमाई निम्म्यावर आली आणि एका वकिलाच्या फर्मने, नाव घेत नाही, आठ महिन्यांचं बिल थकवलं ते अजून पूर्ण दिलेलं नाही. पण ते घर बाईंच्या नावावर परत आलं. पुतण्याचं काय झालं हे मात्र मला त्या घरात कुणीही सांगितलेलं नाही.

आजोबा आता आठवड्यातून एकदाच येतो, गुडघे गेलेत. काम वाढलंय पण बदललंय, काँडोवाल्यांची भांडणं, कोर्टाने नेमलेल्या वकिलांसाठी साक्षीदार शोधणं. २०२२ च्या जानेवारीत एका शनिवारी जवळपास दोन फूट बर्फ पडला आणि सोमवारी मला त्या विधवा बाईंच्या सहीसाठी जायचं होतं. मी फोन करून सांगत होते की नंतर येते, पार्किंग मिळणार नाही. बाई म्हणाल्या, ये गं, समोरचीच्या नातवाने जागा काढून ठेवलीये तुझ्यासाठी, खुर्ची आहे बघ.

गेले. खुर्ची होती, लाकडी, स्वयंपाकघरातली. उतरून उचलली, पोर्चवर नेऊन ठेवली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पडदा सारून बघत होतं. सही घेतली, चहा झाला, आणि निघताना टायर मात्र चारही वाकून बघितले.