काकांच्या गालातून दिसलेला उजेड

आमच्या काकांचं तोंड आता जेमतेम दोन बोटं उघडतं. पंचवीस वर्षं गुटखा खाल्ला, गालाच्या आत कॅन्सर निघाला, आणि रोज सकाळी वरून शेव-जिरावण टाकून पोहे खाणारा माणूस आता पातळ पेजेवर आलाय, ते बघवत नाही हो.

काकांची इम्युनोथेरपी (शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी ट्रीटमेंट) चालू आहे, कमी डोसवाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलं की डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांसोबत निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले तरी वर्षभरानंतर जिवंत असणारे पेशंट १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर जातात. आमच्यासारख्या घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! पूर्ण डोस आम्हाला झेपलाच नसता.

पण ४३ म्हणजे बाकीचे ५७ आहेतच ना, माझं मन तिथेच अडकतं. हे औषध आपल्या टी-सेल्सवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) कॅन्सरने दाबून धरलेला ब्रेक सोडवतं (याच शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं), पण टी-सेल्स गाठीपर्यंत पोचल्याच नसतील तर ब्रेक सोडून काय उपयोग? म्हणून सध्या रात्री जागून मी नॅनोपार्टिकल्सबद्दल वाचतेय. सोन्याचे किंवा दुसरे अतिसूक्ष्म कण गाठीत पोचवायचे, वरून लेझर मारायचा, कण तापतात किंवा ऑक्सिजनचं जहाल रूप तयार करतात आणि पेशी मरतात, आणि मरताना त्यातल्या बऱ्याच पेशी कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रोटीन बाहेर काढतात, म्हणजे "मला खा" अशी खूणच, मग डेंड्रिटिक सेल्स (शरीरातल्या पहारेकरी पेशी) त्या मेलेल्या पेशींचे तुकडे घेऊन लिम्फ नोडमध्ये, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि टी-सेल्सना शत्रू ओळखायला शिकवतात. उजेड पडला एकाच जागी, पण शिकलेल्या टी-सेल्स अंगभर फिरतात! मला तर हे वाचून रडूच आलं.

अर्थात यातलं बरंचसं अजून उंदरांवरच आहे, त्यामुळे कुणीही चालू ट्रीटमेंट सोडू नका, हात जोडून सांगते. जपानमध्ये मात्र २०२० पासून डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी अँटिबॉडीला चिकटवलेला रंग आणि लाल लेझर अशी ट्रीटमेंट मंजूर आहे, त्यात नॅनोपार्टिकल नाही, पण वाट तीच. आपल्या इंदूरचं कॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) तर लेझरवर काम करणारं सेंटर, राजेंद्रनगरकडे जाताना आता त्या बाजूला नजर जातेच.

लाल आणि त्याच्या पलीकडचा न दिसणारा उजेडच मांसातून थोडा आत जातो, तोही फार तर सेंटिमीटरभर. हे काकांना सांगत होते तर म्हणाले, "दाखव बरं." मग छोटा पेन-टॉर्च धुऊन त्यांच्या तोंडात धरला आणि खोलीतला दिवा घालवला. गाल बाहेरून लालबुंद उजळला, फक्त गाठीपाशी अंधार होता. काका आरशात किती तरी वेळ बघत बसले, मग त्या काळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे पाहिजे."