तुटक्या शिंगाचाच का?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की नजर हमखास पुस्तकांच्या कपाटावर जाते. तिथे आयबेक्सच्या, म्हणजे डोंगरातल्या रानबोकडाच्या, शिंगांची जोडी आहे. एक शिंग मागे वळत जाऊन टोकाशी पुन्हा वर उचललेलं, दुसरं अर्ध्यातच संपलेलं. मग प्रश्न येतात, बहुतेक वेळा याच क्रमानं. कशाची आहेत? कुठून आणली? तुम्ही मारलात? मी हो म्हणते. थोडी शांतता होते, चहा ढवळला जातो, आणि मग येतो तो प्रश्न: "एवढे पैसे घालून परदेशात शिकारीला गेलात, मग तुटक्या शिंगाचाच का मारलात?"

आधीच्या प्रश्नांची उत्तरं एकेका शब्दात देता येतात. याचं देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी जर्मनीत राहते आणि माझ्याकडे इथला शिकारीचा परवाना आहे. त्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा एवढी किचकट असते की लोक तिला गमतीनं 'हिरवं आबितूर' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत हिरवी बारावी. बंदुकीइतकंच झाडांची पानं, जनावरांचे रोग आणि कायदा यांवर घोकावं लागतं. पास झाल्यावर काही वर्षं मी मचाणावर बसून रानडुकरांची वाट बघितली. ती शिकार बैठी असते. मला चालायची हौस. म्हणून स्पेनमधल्या ग्रेदोसच्या डोंगरात आयबेक्सच्या मागे जायचं ठरवलं. तिकडे या प्रकाराला 'रेथेचो' म्हणतात: एक शिकारी, एक वाटाड्या, पायी जायचं, जनावर आधी दुर्बिणीतून हेरायचं आणि वारा सांभाळत जवळ सरकायचं.

ग्रेदोस माद्रिदच्या पश्चिमेला, आविला प्रांतात. सगळा ग्रॅनाइटचा कातळ, सर्वांत उंच शिखर आल्मान्थोर, जवळजवळ २,६०० मीटरचं. कातळ नाही तिथे 'पिओर्नो' नावाचं गुडघ्याएवढं चिवट झुडूप. त्यातून चालताना पँटच्या शिवणी उसवतात.

आता पैशांचं. शिकारीचं राखीव क्षेत्र सरकारच्या देखरेखीखाली असतं. दरवर्षी किती नर, किती माद्या हे ठरतं आणि तेवढेच परवाने निघतात. त्यातले काही गावांच्या वाट्याला येतात, गावं ते लिलावात विकतात. पैसे दोन टप्प्यांत भरायचे: डोंगरात जाण्याचे आधी, आणि जनावर पडलं तर शिंगांच्या मोजमापाप्रमाणे नंतर. भरदार शिंगांच्या नराचं बिल काही हजार युरोंवर जातं. पण दुसराही एक परवाना असतो, 'सेलेक्तिवो'. म्हातारा, व्यंग असलेला, शिंग मोडलेला नर. तो पुष्कळ स्वस्त पडतो. मी तोच घेतला, कारण मला तोच परवडत होता. इथवर ऐकून पाहुणे "अस्सं होय" म्हणतात आणि विषय संपला असं समजतात.

पण परवडलं नसतं तर मी गेलेच नसते, एवढंच त्यातून कळतं. त्या दिवशी तो एकच बोकड का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते राखणदाराकडे होतं.

सरकारी राखणदाराला तिथे 'सेलादोर' म्हणतात. राखीव क्षेत्रात शिकाऱ्यानं एकट्यानं फिरायचं नसतं, तो बरोबर असतोच. आमचे सेलादोर साठीच्या आसपासचे. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्यांना अहो-जाहो करत होते, त्यांनी पहिल्याच मिनिटाला मला अगं-तुगं केलं. गाडीत बसायच्या आधी रायफल घेऊन लक्ष्यावर दोन बार टाकायला लावले. मग म्हणाले, "मी सांगेन तो. मी सांगेन तेव्हा. मी नाही म्हटलं तर नाही." मी मान हलवली. नियमपुस्तिकेचं पान वाचून दाखवावं तसं ते बोलले होते, त्यामुळे रागही आला नाही.

ही नोकरी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेदोसमध्ये आयबेक्स बोटांवर मोजण्याइतके उरले होते. १९०५ मध्ये तिथे राजा तेराव्या आल्फोन्सोचं राखीव शिकारक्षेत्र झालं आणि राखणदारीला नेमले ते आसपासच्या गावांतलेच शिकारी, कारण कुठली कपार कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक. आज तिथले आयबेक्स हजारोंच्या घरात आहेत. शिकारी मंडळी ही गोष्ट फार आवडीनं सांगतात: बघा, शिकारीनंच वाचवलं! त्यांनी दुसरीही गोष्ट सांगावी. पिरेनीजमध्ये याच प्राण्याची बुकार्दो नावाची उपजात होती. शिकारीनं तिची संख्या ढासळत गेली. तिच्या शेवटच्या आसऱ्यात, ऑर्देसात, १९१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तरी ती सावरली नाही. शेवटची मादी ६ जानेवारी २००० ला झाड अंगावर पडून मेलेली सापडली. पुढे २००३ मध्ये तिच्या पेशींपासून क्लोन जन्माला घातला, तो काही मिनिटांतच गेला. एका डोंगरात जमलं, दुसऱ्यात नाही. माझ्या एका गोळीनं कुणाचं संवर्धन झालं असा दावा मी करत नाही.

नोव्हेंबरअखेर होती, म्हणजे माजाचा काळ. एरवी वेगळे राहणारे नर तेव्हा माद्यांच्या कळपात येतात. पहिला दिवस धुक्यात गेला. दहा पावलांवरचं दिसेना, गाडीत बसून चीज खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे आकाश स्वच्छ आणि थंडी अशी की दुर्बिणीला डोळा लावला की काच धुरकट व्हायची. तीन तास चढलो. सोंडेवरून धारेवर, धारेखालून एक घसाऱ्याची घळ आडवी मारून पलीकडे. सेलादोर मधूनच चिमूटभर माती उडवून वारा बघत होते.

पलीकडच्या उतारावर अकरा जनावरं होती. पुढ्यातच एक नर: काळी छाती, पोटाकडून पांढरा, शिंगं वीणेसारखी बाहेर जाऊन पुन्हा वळलेली. मी सॅकवर रायफल टेकवली, श्वास रोखला. सेलादोरांनी नळीवर तळहात ठेवला.

"हा नाही. हा नऊ वर्षांचा आहे. याला अजून काम आहे."

मग बोट उजवीकडे गेलं. मोठ्या दगडाच्या आडोशाला एक बसलेला होता. मला आधी दिसलाच नाही, कारण मी शिंगं शोधत होते. "मोचो," ते म्हणाले. मोचो म्हणजे बोथट, टोक नसलेला. चार हिवाळे ते त्याला ओळखत होते. गेल्या हिवाळ्यात तो कळपामागे रेंगाळायला लागला होता, यंदा माद्या त्याला जवळ येऊ देत नव्हत्या.

तो उठेना. बसलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही. मध्येच तो उठला, पण मागे एक मादी होती, गोळी आरपार जाऊन तिला लागली असती. "थांब." पुन्हा बसला. चाळीस मिनिटं आम्ही पोटावर पडून होतो. माझ्या डाव्या हाताची बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी झाली. शेवटी तो उठला, आळस दिल्यासारखा पाठ ताणून आडवा उभा राहिला, मागे नुसता कातळ. उतारावर खाली मारताना बार वर जातो, म्हणून सेलादोर कानाशी पुटपुटले, "खाली धर." आणि मग, "आता."

तो तीसेक मीटर पळाला आणि घळीत दिसेनासा झाला. हात थरथरायला लागले ते त्यानंतर.

जवळ गेल्यावर आधी वास येतो. माजावरच्या बोकडाचा उग्र दर्प, तो माझ्या हातमोज्यांना महिनाभर होता. जर्मनीत रीत आहे, पडलेल्या जनावराच्या तोंडात एक हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास म्हणून. मी पिओर्नोची काडी तोडून ठेवली, टोपी काढली. सेलादोर सौजन्यानं बाजूला उभे राहिले. माझं झाल्यावर पुढे आले, काडी काढून ठेवली आणि जबडा उघडून दात बघितले.

मग शिंग. आयबेक्सचं शिंग हिवाळ्यात वाढायचं थांबतं आणि तिथे एक खाच राहते. तरुणपणीचे पेर लांब असतात, म्हातारपणीचे इतके आखूड की बुडाशी नखानंच चाचपावे लागतात. त्यांनी न मोडलेल्या शिंगावर अंगठ्याचं नख टोकापासून खाली सरकवत नेलं. दहाव्यानंतर मला काही फरक कळेना, त्यांना कळत होता. तेरा. मोडलेल्या शिंगाची कड नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती, म्हणजे मोडून बरीच वर्षं झाली असणार. भांडणात की पडून, ते म्हणाले, हे त्यालाच माहीत.

क्रमांकाची सरकारी पट्टी जागेवरच लावली, तिच्याशिवाय जनावर हलवायचं नाही. कागद पेन्सिलीनं भरला, कारण त्या थंडीत पेन उठत नाही. भरता भरता त्यांनी विचारलं, "तो पहिला मारायचा होता ना?"

खरं सांगायचं तर हो. हात आडवा आला नसता तर मी त्यालाच मारला असता, आणि ओळखता न आल्यानं मारला असता, हावेनं नाही. शिंगांमागचं वय मला वाचता आलं नाही. मोचो मी निवडला नाही. मी फक्त थांबले आणि सांगितल्यावर चाप ओढला. म्हणून "तुटक्या शिंगाचाच का" असं कुणी विचारलं की मी तो नळीवरचा तळहात सांगते.

काही जण पुढे आणखी विचारतात, पुन्हा जाणार का. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि हिमालयातला आयबेक्स त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, हे मलाही माहीत आहे. नातेवाइकांपैकी दोघी अजून त्या कपाटाकडे पाठ करून बसतात. मी त्यांना खुर्ची तशीच मांडून देते.

यंदा मादीच्या परवान्याची चौकशी केली आहे. ती आणखी स्वस्त असते, आणि तिची शिंगं वीतभर, म्हणजे वय ओळखायला त्याहून अवघड.