आधी ऑक्सिजन, मग एक्स-रे

आजींनी टोपलीचं झाकण उघडलं. आत पाच वर्षांचा पर्शियन बोका कोपरं फाकवून, मान पुढे काढून बसला होता. तोंड उघडं, जीभ निळसर.

"केसांचा गोळा अडकलाय बहुतेक, डॉक्टर. खोकला नाही हो, नुसती धाप."

खोकला नाही हेच मला खटकलं. हृदय थकलं की कुत्रा खोकतो, मांजर सहसा खोकत नाही. आणि मांजर तोंडाने श्वास घ्यायला लागलं, की ते अगदी काठावर आलेलं असतं.

सहकाऱ्याने एक्स-रेची तयारी सुरू केली होती, ती थांबवली. अशा मांजराला आडवं दाबून धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. तरुण डॉक्टरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. बोक्याला टोपलीसकट ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, घाबरणं कमी व्हावं म्हणून ब्युटॉर्फॅनॉल दिलं आणि जरा वेळ त्याला कुणीही हात लावला नाही.

मग स्टेथोस्कोप. छातीच्या खालच्या भागात श्वासाचा आवाज दबलेला, ठोके घोड्याच्या दौडीसारखे तिहेरी. मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा सुरसुर आवाज, नव्हता, पण मांजरात मर्मर नाही म्हणून हृदय ठणठणीत असं धरून चालत नाही. बसल्या जागीच सोनोग्राफीचा प्रोब लावला. फुप्फुसांभोवती पाणी, डावं अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा फुगलेला, डाव्या जवनिकेची म्हणजे खालच्या कप्प्याची भिंत साडेसात मिलिमीटर. सहाच्या वर गेली की आम्ही जाड म्हणतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. ताठर भिंत सैल पडत नाही, रक्त मागे तुंबतं आणि पाणी छातीत उतरतं. पंधरवड्यापूर्वी खाजेसाठी लांब टिकणारं स्टिरॉइड दिलं होतं, हे आजींकडून नंतर कळलं. काही मांजरांत लपलेला हृदयविकार त्यानंतर उसळतो.

सातव्या-आठव्या बरगडीच्या मध्ये, मागच्या बरगडीच्या पुढच्या कडेला लागून बारीक बटरफ्लाय सुई घातली. सिरिंजमागून सिरिंज फिकट गुलाबी पाणी निघालं आणि बोक्याचं तोंड मिटलं. सोबत लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड, किलोमागे दोन मिलिग्रॅम.

घरी जाताना आजींना दोन कामं दिली. रोज क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्ताची गुठळी टाळणाऱ्या औषधाची पाव गोळी. ती कडूजहर असते, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून द्यायची. फुगलेल्या अलिंदात गुठळी होते, ती मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकली तर पाय गार पडून लुळे होतात. दुसरं, बोका गाढ झोपला की श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर गेले की वाट न बघता फोन.

"म्हणजे बरा होणार ना हा?"

"पाणी आटेल आजी, भिंत मात्र तशीच राहणार. औषधं कायमची."

पुढच्या तपासणीला त्यांनी कॅलेंडरवरचे आकडे दाखवले, सगळे पंचविशीच्या आत. किडनीवरचा ताण दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र थोडं चढलं होतं. फुप्फुसं कोरडी दिसत होती, म्हणून किडनीला जपत फ्युरोसेमाइडचा डोस उतरवला.