जन्मतारखेत अडकलेला परतावा : माझा अनुभव

मार्च 2024 अखेर बँकेने माझ्या मुदत ठेवीच्या 62,000 रुपये व्याजातून 12,400 रुपये कापून घेतले. करपात्र उत्पन्न नसल्याने व्याजातून कर कापू नये, असे सांगणारा 15 जी हा फॉर्म मी वर्षाच्या सुरुवातीलाच भरून दिला होता, त्यामुळे एक रुपयाही कापला जाण्याचे कारण नव्हते. शाखेत चौकशी केली तेव्हा कळले की माझा पॅन निष्क्रिय झाला आहे, आणि अशा स्थितीत 15 जी ग्राह्य धरला जात नाही व कपात दहाऐवजी वीस टक्क्यांनी होते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माझे कृषी केंद्र आहे. पॅन आधारशी जोडण्याची मुदत 30 जून 2023 रोजी संपली आणि न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले; माझा त्यातलाच. जून म्हणजे आमच्याकडे पेरणीचा महिना. मृग लागला की कपाशी आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी सकाळपासून रीघ लागते, तेव्हा दुकान सोडता येत नाही. शिवाय दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स बँकेत दिलेल्या असल्यामुळे जोडणी झालेलीच आहे, असा माझा पक्का समज होता. बँकेत झेरॉक्स देणे वेगळे आणि आयकर विभागाकडे जोडणी होणे वेगळे, एवढी एक गोष्ट वेळेवर कळली असती तर पुढचे तीन महिने वाचले असते.

विलंब शुल्काचे 1,000 रुपये आयकराच्या संकेतस्थळावर भरायला दहा मिनिटे लागली. पाच दिवसांनी जोडणीची विनंती केली आणि उत्तर आले की जन्मतारीख जुळत नाही. पॅनवर शाळेच्या दाखल्याप्रमाणे 1 जुलै 1972 ही तारीख आहे. आधारवर मात्र नुसते 1974 हे वर्ष होते, कारण गावात आधारचे शिबिर लागले तेव्हा कोणी कागद मागितला नाही, तोंडी वय विचारले आणि लिहून घेतले.

पॅनच आधारप्रमाणे बदलून घ्या, असे गावात अनेकांनी सुचवले. ते मला पटले नाही. माझी खरी तारीख 1972 ची आहे, विम्यापासून दुकानाच्या परवान्यापर्यंत सगळीकडे तीच आहे, आणि एका चुकीसाठी सगळे बरोबर कागद चुकीचे करणे मला मान्य नव्हते.

मग आधार केंद्राच्या फेऱ्या सुरू झाल्या. केंद्र तालुक्याच्या गावी, आमच्यापासून 22 किलोमीटरवर. रोज वीसच टोकन मिळतात आणि त्यासाठी सकाळी सातपासून रांग लागते, हे पहिल्या दिवशी दहा वाजता पोहोचल्यावर समजले. दुसऱ्या दिवशी टोकन मिळाले, पण दुपारपर्यंत इंटरनेटची लिंक नव्हती. एप्रिलच्या त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली म्हातारी माणसे आणि कडेवर लेकरे घेतलेल्या बाया ताटकळत होत्या, आणि लिंक केव्हा येईल हे सांगायलाही कोणी बाहेर येत नव्हते. तिसऱ्या फेरीत काम झाले. माझ्याकडून 200 रुपये घेतले आणि हाती दिलेल्या पावतीवर 50 रुपये छापलेले होते. मी विचारले, तर मागच्या माणसाला पुढे बोलावण्यात आले. पावती अवश्य मागून घ्यावी, कारण अर्ज कुठवर आला हे पाहण्याचा क्रमांक तिच्यावरच असतो.

तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश आला. कारण दिले होते, कागदपत्र अस्पष्ट. माझे दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र लॅमिनेशन केलेले आहे. स्कॅन करताना त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटला होता आणि जन्मतारखेचे आकडे नेमके त्या पट्ट्याखाली गेले होते. हे मला कसे कळले, तर चौथ्या फेरीत मी जुने स्कॅन दाखवण्याचा आग्रह धरला म्हणून. घरी येऊन मी ब्लेडने कडा कापून ते प्लॅस्टिक हळूहळू सोडवले. कागदाचा एक कोपरा फाटला, आकडे शाबूत राहिले. पाचव्या फेरीत पडद्यावर तारीख स्वच्छ वाचता येईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही. आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे तिथे संकोच करून चालत नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्ती झाली, जोडणी झाली आणि जुलैमध्ये पॅन पुन्हा सुरू झाला. विलंब शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागले नाही. आयकराचे विवरणपत्र मी छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कलम 44 एडीखाली, आयटीआर 4 या फॉर्ममध्ये, 31 जुलैच्या आत भरले. या कलमात रोखीच्या विक्रीवर आठ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर सहा टक्के नफा धरता येतो. व्याज मिळवूनही माझे उत्पन्न त्या वर्षीच्या सात लाखांच्या मर्यादेच्या बरेच आत असल्यामुळे नव्या कर प्रणालीत कर शून्य आला. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत ई-पडताळणी करावी लागते, आणि परतावा ज्या खात्यात हवा ते खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित केलेले असावे लागते.

सप्टेंबरमध्ये पूर्ण 12,400 रुपये खात्यात जमा झाले. त्याच संध्याकाळी मी पत्नीचा आणि भावाचा पॅन संकेतस्थळावर तपासला, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. भावाचा जोडलेला नव्हता. त्याच्याही दहावीच्या प्रमाणपत्राला लॅमिनेशन आहे.