स्कॅनरमागच्या माणसाचा पगार कोण देतं?

विमानतळावरची प्रवासी तपासणी सरकारने स्वतः करावी की खासगी कंपन्यांकडून करून घ्यावी, हा वाद निघाला की अमेरिकेच्या टीएसएचं, म्हणजे तिथे ही तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, उदाहरण दोन्ही बाजूंकडून येतं. एक बाजू सांगते, ११ सप्टेंबर २००१ सारखं पुन्हा काही घडलं नाही. दुसरी बाजू २०१५ च्या फसलेल्या गुप्त चाचण्या पुढे करते. माझ्या मते दोन्ही उत्तरं मुद्द्याच्या बाजूने निघून जातात. स्क्रीनर, म्हणजे तपासणी करणारा माणूस, सरकारी आहे की कंत्राटी, यापेक्षा जो नियम लिहितो तोच काम करतो का आणि स्वतःच्या कामाला गुणही तोच देतो का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी जुनी पद्धत. जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. जबाबदारी टाकली ती विमान कंपन्यांवर. त्यांच्यासाठी हा निव्वळ खर्च, त्यामुळे काम जायचं सर्वात कमी बोली लावणाऱ्या कंत्राटदाराकडे. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिने २००० साली हिशोब मांडला: १९ मोठ्या विमानतळांवर मे १९९८ ते एप्रिल १९९९ या वर्षात स्क्रीनर सोडून जाण्याचं सरासरी प्रमाण १२६ टक्के, आणि एका विमानतळावर ४१६ टक्के. म्हणजे तिथे वर्षभरात सगळी माणसं चार वेळा बदलली. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा पगार तासाला सहा डॉलर किंवा त्याहून कमी, त्याच इमारतीतल्या बर्गरच्या दुकानात त्यापेक्षा जास्त मिळायचे. फिलाडेल्फिया विमानतळावर अर्जेनब्राइट या कंत्राटदाराने प्रशिक्षणाच्या आणि पार्श्वभूमी तपासणीच्या खोट्या नोंदी केल्याचं २००० साली कोर्टात कबूल केलं आणि दहा लाख डॉलरहून जास्त दंड भरला.

एवढं वाचून ‘खासगी म्हणून वाईट’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण १९९६ च्या कायद्याने हवाई नियामक एफएएला सांगितलं होतं की तपासणी कंपन्यांना परवाना पद्धत आणा, त्यांची कामगिरी मोजा. तो नियम सप्टेंबर २००१ पर्यंत अंतिम झालाच नव्हता. शिवाय ११ सप्टेंबरच्या अपहरणकर्त्यांच्या हातातल्या छोट्या सुऱ्यांचं काय, तर चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात न्यायला त्या वेळी एफएएचीच परवानगी होती. संगणकीय छाननीने १९ पैकी निम्म्याहून जास्त जणांवर बोट ठेवलं होतं. पण त्यावर पुढे करायचं काय, तर नियमाप्रमाणे फक्त त्यांच्या चेक-इन केलेल्या बॅगा रोखून धरायच्या. नियम सरकारचा होता, हात कंत्राटदाराचा होता, आणि जनतेला हातच दिसला.

ऑक्टोबर २००१ मध्ये सिनेटने सरकारी स्क्रीनरचं विधेयक १००-० असं मंजूर केलं. प्रतिनिधीगृहात मात्र डिक आर्मी, टॉम डिले यांच्यासारख्या रिपब्लिकन नेत्यांनी विरोध केला आणि सिनेटच्या धर्तीवरचा प्रस्ताव २१४ विरुद्ध २१८ मतांनी पडला. त्यांच्या हरकती साधारण अशा: एकदा सरकारी नोकर झाला की काढता येणार नाही; संघटना होतील, संप होतील; प्रचंड खातं उभं राहील; आणि स्वतःच्याच खात्याला सरकार दंड कसा करणार? युरोपकडे बघा, असं ते सांगत होते, तिथे नियम सरकारचे आणि माणसं खासगी. शेवटी तडजोड होऊन १९ नोव्हेंबर २००१ रोजी कायद्यावर सही झाली आणि टीएसए जन्माला आली. मुदत बरोबर एक वर्षाची.

एका वर्षात चारशेहून जास्त विमानतळांवर पन्नास हजारांच्या वर माणसं भरायची, हे मुळातच अवघड होतं. भरतीचं काम, गंमत म्हणजे, एका खासगी कंपनीलाच दिलं, १०.४ कोटी डॉलरचं कंत्राट ७४.१ कोटींपर्यंत गेलं. अनेकांची पार्श्वभूमी तपासणी पूर्ण व्हायच्या आधीच त्यांना मशीनवर बसवलं, आणि २००३ मध्ये गुन्ह्याच्या नोंदी व इतर कारणांनी हजाराहून जास्त लोकांना काढावं लागलं. कायद्यात नागरिकत्वाची अटही होती. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी बरेचसे अनुभवी स्क्रीनर स्थलांतरित होते. वर्षानुवर्षं एक्स-रे वाचणाऱ्यांना घरी पाठवून त्या जागी नवशिके आले. मुदत कागदोपत्री पाळली गेली.

आता ‘काढता येणार नाही’ या भीतीचं काय झालं बघा. ती नेमकी उलटी ठरली. कायद्याच्या कलम १११(ड) ने टीएसएच्या प्रमुखाला स्क्रीनर नेमायचे, शिक्षा करायचे, काढायचे असे अधिकार दिले, इतर सेवाकायदे काही म्हणोत. जानेवारी २००३ मध्ये सामूहिक वाटाघाटींवर बंदी आली. २०११ मध्ये मर्यादित स्वरूपात मुभा मिळाली, मार्च २०२५ मध्ये टीएसए ज्याच्या हाताखाली येते त्या गृहसुरक्षा खात्याने ती पुन्हा काढून घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पगारही इतर केंद्रीय नोकरांच्या बरोबरीला यायला जुलै २०२३ उजाडला. म्हणजे मधली वीसेक वर्षं स्क्रीनर सरकारी होते, पण सरकारी नोकरीचा फायदा अर्धाच. लोक सोडून जाण्याचा जुना आजार त्यामुळे पूर्ण बरा झाला नाही.

खरी ठरलेली हरकत शेवटची: स्वतःलाच गुण देण्याची.

एक्स-रे वाचणारा माणूस साधारण अर्ध्या तासाने जागा बदलतो, कारण त्यानंतर लक्ष ढळतं. त्याला जागं ठेवण्यासाठी मशीनमध्ये एक सोय असते: खऱ्या बॅगेच्या चित्रात संगणक मधूनच खोट्या बंदुकीची किंवा स्फोटकाची प्रतिमा मिसळतो. ऑपरेटरने वेळेत बटण दाबलं तर पडद्यावर लगेच कळतं की ही चाचणी होती. नाही दाबलं तर चूक नोंदली जाते. सोय चांगली आहे, पण ती फक्त डोळा तपासते. अंगावर लपवलेली वस्तू, अलार्म वाजल्यावर केलेली हाताने झडती, वैतागलेल्या रांगेचा दबाव, यातलं काही त्यात येत नाही. ते बघायचं तर अनोळखी माणूस पाठवून गुप्त चाचणीच घ्यावी लागते. २०१५ मध्ये टीएसएच्या बाहेरच्या, म्हणजे गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांच्या पथकाने अशी चाचणी घेतली. फुटलेल्या आकड्यांनुसार ७० पैकी ६७ वेळा वस्तू आत गेली. एका प्रकरणात तर अलार्म वाजला, झडती झाली, आणि पाठीला चिकटवलेला नकली बॉम्ब तरीही सापडला नाही. टीएसएच्या प्रभारी प्रमुखांची बदली झाली.

यातून काय शिकायचं? दुर्मीळ वस्तू शोधणारा कोणीही चुकतो, पगार कोणाचाही असो. हजारो बॅगांत काहीच नसतं तेव्हा मेंदू ‘काही नाही’ हेच उत्तर आधी तयार ठेवतो. २०२३ मध्ये टीएसएला ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. पण त्या बहुतेक विसरून बॅगेत राहिलेल्या होत्या, कोणी मुद्दाम लपवलेल्या नव्हत्या. यश म्हणून तो आकडा दरवर्षी छापला जातो. चुकलेल्यांचा आकडा गोपनीय असतो. स्वतःच्या कामाचे गुण स्वतः छापणाऱ्याकडून वेगळी अपेक्षाही नाही.

२०१५ नंतरचा प्रकार तर पुस्तकात घालावा असा. सामान्य प्रवाशांना झटपट रांगेत वळवण्याची पद्धत टीएसएने बंद केली आणि सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण दिलं. दोन्ही योग्यच. पण त्या झटपट रांगेसाठी पूर्वनोंदणी करणारे प्रवासी वाढतील या भरवशावर माणसं आधीच कमी केली होती, आणि नोंदणी तेवढी झाली नव्हती. मे २०१६ मध्ये शिकागोच्या ओहेअरवर एका संध्याकाळी चारशेहून जास्त प्रवाशांची विमानं चुकली. एखाद्या कंत्राटदाराने असं केलं असतं तर विमानतळाने कंत्राट मोडलं असतं. इथे विमानतळ फक्त तक्रार करू शकला.

यंत्रांच्या खरेदीतही हेच. अंगावर हवेचे झोत मारून स्फोटकांचे कण हुंगणारी २०७ यंत्रं सुमारे तीन कोटी डॉलरना घेतली. प्रत्यक्ष विमानतळावरच्या धुळीत आणि दमट हवेत ती बंद पडू लागली. चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून संशयित ओळखण्याच्या योजनेवर २००७ पासून ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०१३ मध्ये जीएओने सांगितलं की ही पद्धत चालते याला पुरावा नाही, पैसे आवरा. नियामक वेगळा असता तर ‘आधी सिद्ध करा’ असं खरेदीपूर्वीच कोणीतरी विचारलं असतं.

पैशाबद्दल थोडक्यात. तिकिटावर सुरक्षा शुल्क असतं. २०१४ पासून एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर. त्यातला काही भाग तपासणीकडे न जाता सरकारी तूट भरून काढायला वळवला जातो. आणि संसदेत अर्थसंकल्प अडकला की स्क्रीनरचा पगार थांबतो, काम मात्र करावंच लागतं. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये गैरहजेरी नेहमीच्या तीन टक्क्यांवरून दहापर्यंत गेली. मायामीत एक भाग लवकर बंद ठेवावा लागला. संप होतील म्हणून २००१ मध्ये घाबरवलं गेलं होतं. प्रत्यक्षात गाडं अडलं ते मालकाने पगार न दिल्यामुळे.

त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्क्रीनरना पगार मिळत होता. कारण तिथली माणसं सरकारी नाहीतच. मूळ कायद्यानेच पाच विमानतळ खासगी ठेवून बघायची सोय केली होती: सॅन फ्रान्सिस्को, कॅन्सस सिटी, रोचेस्टर, जॅक्सन होल आणि टुपेलो. नंतर इतरांनाही अर्जाची वाट खुली झाली. २०११ मध्ये टीएसएच्या प्रमुखांनी ती गोठवली, आणि २०१२ मध्ये संसदेने कायदा करून अर्जावर १२० दिवसांत निर्णय घ्यायला लावला. पण हे ‘खासगी’ फार मर्यादित आहे. कंत्राटदार टीएसए निवडते, यंत्रं तिचीच, कार्यपद्धती तिचीच, वर देखरेखीला तिचाच अधिकारी, आणि पगार-सवलती सरकारी स्क्रीनरपेक्षा कमी देता येत नाहीत. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. १९९० च्या दशकातली स्वस्तातली बोली त्यामुळे परत येऊ शकत नाही. दोष एवढाच की या कंत्राटदारांची स्पर्धा टीएसएशी, आणि त्यांचा परीक्षकही टीएसएच.

इतरत्र हे गणित वेगळ्या तऱ्हेने सुटलंय. कॅनडात नियम परिवहन खात्याचे, यंत्रं आणि कंत्राटं २००२ साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाची, आणि स्क्रीनर खासगी. फ्रँकफर्टमध्ये जानेवारी २०२३ पासून तपासणीचं नियोजन जर्मन केंद्रीय पोलिसांकडून विमानतळ कंपनीकडे गेलं, पोलिसांकडे देखरेख राहिली.

आपल्याकडे आयसी-८१४ च्या अपहरणानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सीआयएसएफ आली. त्याआधी राज्य पोलीस असायचे. मुंबई, पुणे, दाबोळी, सगळीकडे झडती घेणारा जवान गृहमंत्रालयाचा, आणि नियम लिहिणारी व चाचण्या घेणारी बीसीएएस नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची. दोन्ही सरकारीच, पण घरं दोन. चेक-इनच्या बॅगांचा एक्स-रे तर विमानतळ चालकाचे किंवा विमान कंपनीचे कर्मचारी बघतात. मुंबईहून थेट अमेरिकेला जाताना जी जादा तपासणी होते, तिचे नियम टीएसएचे आणि पाळायची जबाबदारी विमान कंपनीची. मेतकूट किंवा मसाल्याचा डबा ३५० मिलीलिटरपेक्षा मोठा असेल तर हातातल्या सामानात नको, चेक-इन बॅगेत टाका, हा २०१८ चा नियम तिथूनच आलेला. म्हणजे टीएसएला जे स्वतःच्या देशात जमत नाही, नियम करून काम दुसऱ्याकडून करून घेणं, ते ती मुंबईत रोज करते.

राहिला नुकसानभरपाईचा प्रश्न, आणि सरकारीकरणाची ही बाजू प्रवाशाला सर्वात शेवटी कळते. कंत्राटदारावर साधा दावा लावता येतो. सरकारवर दावा लावायचा तर सरकारने स्वतः दिलेल्या परवानगीच्या चौकटीतच. स्क्रीनरने जाणूनबुजून त्रास दिला, खोटा आरोप केला, तर दावा चालतो की नाही यावर कोर्टांत वर्षानुवर्षं घोळ होता. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने पूर्ण पीठासमोर आधीचा निकाल फिरवून चालतो असं म्हटलं.

टीएसएच्या तपासणीत बॅगेतली वस्तू तुटली किंवा गेली तर एसएफ-९५ हा भरपाईचा सरकारी अर्ज दोन वर्षांच्या आत टीएसएकडे भरायचा. रक्कम नेमक्या आकड्यात लिहा. ‘अंदाजे’ किंवा ‘नंतर कळवतो’ लिहिलं तर अर्ज ग्राह्य धरला जात नाही. खरेदीची पावती, सामानाचा टॅग आणि बॅग उघडल्यावर आत ठेवलेली तपासणीची चिठ्ठी जोडा. टीएसएला उत्तर द्यायला सहा महिने असतात, त्याआधी कोर्टात जाता येत नाही. विमान कंपनीलाही त्याच वेळी लेखी कळवून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, आणि टीएसए व विमान कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा ही तारीख हमखास उलटून जाते. प्रकार सॅन फ्रान्सिस्कोला किंवा कॅन्सस सिटीला झाला असेल, तर अर्ज टीएसएकडे न पाठवता तिथल्या कंत्राटदार कंपनीकडे पाठवायचा.