आमची वाटचाल : राजारामपुरीची खोली आणि मुंबईचा दर

२०११ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही पेशंटच्या घरी नर्स पाठवणारा नर्सिंग ब्युरो सुरू केला. एक टेबल, एक फोन आणि दोनशे पानी वही. त्याआधी अकरा वर्षं मी कोल्हापुरातल्याच एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. पेशंटला डिस्चार्ज मिळाला की नातेवाईक दारात अडवून विचारायचे, "सिस्टर, घरी येऊन ड्रेसिंग कराल का?" ड्यूटी सुटली की मी जायचे. पैसे किती, हे कधीच ठरलेलं नसायचं. कुणी पन्नासची नोट द्यायचं, कुणी शेतातला भाजीपाला पिशवीत भरायचं. मला मागायचा संकोच वाटायचा. ब्युरो काढल्यावरही तो संकोच गेला नाही, आणि त्याची किंमत पुढं माझ्या मुलींनी मोजली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पाच-सहा वर्षं सरळ गेली. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या मुली जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून यायच्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मी स्वतः बघायचे. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं या कामाला मावश्या होत्या. सक्शन (कफ ओढून काढणं), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली भरवायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), इंजेक्शन असेल तिथं सिस्टर. हा फरक घरच्यांना समजावण्यात माझे निम्मे फोन जायचे. घरच्यांना दर मावशीचा हवा असतो आणि ट्रॅकिओस्टॉमीचं, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीचं, सक्शनही तिनंच करावं असं वाटतं. तिथं मी कधीही हो म्हटलेलं नाही. नळीत कफ अडकला तर चार-पाच मिनिटांत माणूस हातचा जातो. पांढरा एप्रन घातला म्हणून मावशीला तो काढता येत नाही.

२०१७ मध्ये शाहूपुरीतल्या एका जुन्या पेशंटच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. सासूबाई परळला अंथरुणाला खिळलेल्या, तिथल्या ब्युरोची माणसं दर आठवड्याला बदलतात, "मॅडम, तुमचीच एखादी मुलगी पाठवा." दर विचारला. कोल्हापुरात तेव्हा सिस्टरला बारा तासांच्या ड्यूटीचे ७०० रुपये आम्ही देत होतो. मी मनातल्या मनात दीडपट केली आणि १,०५० सांगितले. पलीकडून लगेच होकार आला. तो इतक्या लवकर आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

चंदगड तालुक्यातली मुलगी गेली. हुशार, हाताला हलकी, शीर एका टोचणीत सापडायची तिला. महिन्याला २६ ड्यूट्या धरल्या तर कोल्हापुरात १८,२०० आणि मुंबईत २७,३०० होत होते. तिच्या वडिलांना मीच हे आकडे सांगितले होते. अडीच महिन्यांनी ती परत आली ती वजन घटवून, आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, घरी पाठवायला काही उरतच नाही."

मग आम्ही दोघींनी वही उघडली. नालासोपाऱ्यात एका खोलीत पाच जणींबरोबर कॉट, तिचे ४,०००. दोन वेळची खाणावळ आणि सकाळचा चहा-नाष्टा ४,५००. लोकलचा पास आणि दोन्हीकडची शेअर रिक्षा मिळून १,३००. फोन, साबण, किरकोळ १,०००. एकूण १०,८००. यात कॉटचं डिपॉझिट नाही. हे तरी मला अंदाजानं ठाऊक होतं. जे मी धरलंच नव्हतं ते म्हणजे रिकामे दिवस. आजी एकोणिसाव्या दिवशी गेल्या आणि पुढची केस मिळायला नऊ दिवस लागले. त्या महिन्यात १९ ड्यूट्यांचे १९,९५० झाले, खर्च जाऊन उरले ९,१५०. कोल्हापुरात ती कसबा बावड्यात मामाकडे राहायची. खाडे धरून महिन्याला २४ ड्यूट्या सहज व्हायच्या, १६,८०० यायचे आणि १,२०० खर्च जाऊन १५,६०० उरायचे. मी तिला जास्त दरावर पाठवलं आणि तिच्या हातात कमी पैसे आले.

तासांचंही तसंच. बारा तासांचे १,०५० म्हणजे तासाला साडेसत्त्याऐंशी. पण नालासोपारा ते परळ दारापासून दारापर्यंत दीड तास, तेवढाच परत. बाराचे पंधरा तास झाले आणि तासाचे सत्तर उरले. नाइट करून सकाळच्या गर्दीत उलट्या दिशेनं का होईना, उभ्यानं झोपत जायचं.

आमच्या चंदगड-आजऱ्याकडची माणसं गिरणीत कामाला मुंबईला जायची तेव्हा लालबाग-परळला गावाच्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणं झोपणार, जेवायला खाणावळ. गावचा पोरगा मुंबईत उतरला तरी पहिल्या रात्रीची काळजी नसायची. माझे चुलतआजोबा अशाच खोलीत राहिले. पण त्या खोल्या पुरुषांच्या. आता गावातून मुली निघाल्यात आणि त्यांच्यासाठी तसा आसरा कुणी उभा केलेला नाही. मुंबईचा दर ठरवताना ही न मिळणारी खोली त्यात धरावीच लागते.

त्यानंतर मी दर उलटीकडून काढायला शिकले. आधी ठरवलं की घर सोडून जाणाऱ्या मुलीच्या हातात कोल्हापूरच्या दीडपट उरलं पाहिजे. १५,६०० ची दीडपट २३,४००. त्यात मुंबईचा खर्च १०,८०० मिळवला, ३४,२०० झाले. ड्यूट्या २६ न धरता २२ धरल्या. भागाकार १,५५४ आला, दर १,५५० ठेवला. आमचं कमिशन पंधरा टक्के, ते घरच्यांकडून. मुलीच्या दरातून एक रुपया कापायचा नाही. घरच्यांना ड्यूटी १,७८० ला पडू लागली, म्हणजे तीस दिवसांचे ५३,४००.

हा आकडा ऐकल्यावर मुंबईतल्या पाचपैकी तीन केस तुटल्या. मला त्या लोकांचा राग आला नाही. पेन्शनवर जगणाऱ्या घरात महिन्याला पन्नास हजार कुठून येणार? एका निवृत्त शिक्षकांनी फोनवर रडत सांगितलं की दर योग्य आहे, पण माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण ती तूट कुणी भरायची तर चंदगडच्या मुलीनं, हे मला मान्य नाही.

आणि या मुलींच्या पगाराकडे बघणारं कुणी आहे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराच्या शिफारशी केल्या. दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी निदान २०,००० रुपये. आपल्याकडे त्या शिफारशीच राहिल्या आणि त्याही रुग्णालयांपुरत्या. घर म्हणजे एका खाटेचा दवाखाना, त्याचा हिशोब त्यात कुठं आहे? ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, तर आणखीच. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचं संरक्षण. मुंबईचा योग्य दर दिला की मुलगी त्या मर्यादेबाहेर जाते. बाहेर पडणाऱ्या मुलींचा अपघात आणि आजारपणाचा विमा आम्ही वेगळा काढतो. त्याचा हप्ता ब्युरो भरतो.

चोवीस तासांच्या केसचा धडा मात्र आम्हाला कोल्हापुरातच मिळाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला. आमची बदलीची सिस्टर पलीकडे अडकली आणि इकडची चार दिवस, चार रात्री एका आजोबांजवळ एकटीच राहिली. शेवटी घरच्यांनी चार ड्यूट्यांचे पैसे पुढं केले, कारण "झोपायला जागा दिली होती, जेवण दिलं होतं." ती दर दोन तासांनी उठून सक्शन करत होती. मी भांडले आणि आठ ड्यूट्यांचे घेतले. तेव्हापासून नियम लिहून दिला: चोवीस तासांच्या केसला रात्री सलग झोप मिळणार नसेल तर ती केस दोन मुलींची. मुंबईत घरात राहून करायच्या केसेसचा मोह मोठा असतो, कारण खोलीभाडं वाचतं. पण वाचलेलं भाडं झोपेतून वळतं होत असेल तर तो दर स्वस्त नाही.

करोनाच्या दोन वर्षांबद्दल फार लिहवत नाही. आमच्या सगळ्या जणी त्यातून वाचल्या.

२०२२ मध्ये आम्ही कळव्याला खोली घेतली. सहा कॉट, गॅस, गिझर. भाडं निम्मं ब्युरोचं, निम्मं मुलींचं. त्यामुळं प्रत्येकीचा खर्च आणि प्रवास दोन्ही कमी झाले, आणि दर न पाडता हातात उरणारी रक्कम वाढली. महिन्याला २२ ड्यूट्यांची हमीही देतो. कमी भरल्या तर फरक आमचा. पहिल्या वर्षी यात आम्ही तोट्यात गेलो, दुसऱ्या वर्षी बरोबरी झाली. शासन किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतं, आम्हीही त्याच दोन महिन्यांत सगळे दर पुन्हा मांडतो. अर्ध्या तासाच्या ड्रेसिंगच्या व्हिजिटला आता खोलीतून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ धरतो. एका मोठ्या शहरी एजन्सीनं आमच्या एका मुलीचे मूळ सर्टिफिकेट सहा महिने अडकवून ठेवले होते, म्हणून आम्ही फक्त झेरॉक्स घेतो, मूळ कागद बघून तिथल्या तिथं परत.

तो शिक्षकांचा फोन मात्र डोक्यातून जात नव्हता. परवा दादरहून तशीच विचारणा आली. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पक्षाघाताचे आजोबा आहेत, राइल्स ट्यूब आणि कॅथेटरवर. चौथ्या मजल्यावर मधुमेहामुळं पायाला जखम झालेल्या आजी. दोन्ही घरांना पूर्ण ड्यूटी परवडत नाही. एक सिस्टर, एक ड्यूटी, खाली आठ तास आणि वर चार, पैसे त्याच प्रमाणात वाटून, असं मी सुचवलं. मुलीला पूर्ण दर मिळतो, कुठल्याही घराला पूर्ण भार पडत नाही. दोघंही तयार आहेत, फक्त दोन्ही घरांना ती सकाळी आठलाच हवी आहे. आजींचं इन्सुलिन त्यांचा नातू शिकून घेणार असेल तर वरची वेळ दुपारी ढकलता येईल. सोमवारी रात्री मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघते आहे. मंगळवारी त्या नातवाला समोर बसवून इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवायचं आहे.