तुम्ही विचारलंत म्हणून: चाकणच्या कंपनीबरोबरचा करार पुन्हा का केला नाही

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मुलं विचारतात, आणि हल्ली तर आमच्याकडे नव्याने शिकवायला आलेले सहकारीही विचारतात. "मॅडम, चाकणची एवढी मोठी कंपनी तुमच्याकडे होती, दरवर्षी मुलं उचलायची. तो टायअप का तोडलात?" आजवर मी एवढंच सांगत आले, की मुदत संपली, पुन्हा केला नाही. हे खोटं नाही. पण त्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि "मॅडमचं तिथे कुणाशी तरी वाजलं" अशी कुजबूज मात्र चालू राहते. तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

मी कंपन्यांच्या विरोधात आहे, हा समज आधी काढून टाका. भोसरीत स्टोअर्समध्ये मी नोकरीला लागले, तिथून परचेसला गेले, आणि वर्गात उभी राहिले ती त्यानंतर. आमचा सप्लाय चेनचा विषय, म्हणजे माल मागवण्यापासून पोचवण्यापर्यंतची सगळी साखळी, कारखान्यातूनच आलाय. एका वेळी किती माल मागवायचा याचं जे सूत्र मुलं पहिल्या सत्रात पाठ करतात, ते फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलं. 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हे नाव १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने रूढ केलं. कानबान, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायची कार्डांची पद्धत, टोयोटाच्या शॉप फ्लोअरवर तयार झाली. वर्गात बसून यातलं काहीच सुचलं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

पण याची दुसरीही बाजू आहे, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. गिऱ्हाईक दुकानातून माल जवळपास सारखाच नेतं, तरी दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक असं मागे सरकत कारखान्यापर्यंत जाताना ऑर्डरींचे चढउतार वाढत जातात. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या आसपास प्राध्यापक जे. फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. त्यावरचा 'बीअर गेम' आम्ही आजही वर्गात खेळतो. पुढे पी अँड जी कंपनीच्या लोकांनी बाळांच्या डायपरच्या ऑर्डरी तपासल्या, आपल्याच साखळीतला हा दोष त्यांना दिसला आणि त्यांनी त्याला 'बुलव्हिप' म्हटलं. मग स्टॅनफर्डच्या हाउ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची कारणं नीट मांडली. कंपनीने स्वतःचं दुखणं लपवलं नाही आणि विद्यापीठाने त्याचं निदान केलं. सहकार्य म्हणतात ते याला. बाकी सगळं म्हणजे दारावरचा बोर्ड आणि कार्यक्रमातला गुच्छ.

आमचा करार झाला तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यात जास्त धावपळ मी केली होती. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात चालू एमओयू, म्हणजे असे करार, किती ते मोजतात, त्यामुळे सह्या करून फाइलला लावलेले करार प्रत्येक कॉलेजात असतात. मला तसला नको होता. कंपनीचे लोक येऊन शिकवतील, मुलं एसआयपीला, म्हणजे दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिप प्रोजेक्टला, तिथे जातील, खरा डेटा वर्गात येईल, असं मी बैठकीत ठासून सांगितलं होतं. इलेक्टिवचा, म्हणजे ऐच्छिक विषयाचा, अभ्यासक्रमसुद्धा त्यांनाच लिहू द्या, इथपर्यंत मी गेले होते. पुढे २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणला, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांना शिकवायला घ्यायची सोय केली, तेव्हा मला वाटलं, बघा, मी म्हणत होते तेच. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, "तुला कारखाना वर्गात आणायचा होता ना? मग तो त्याच्या अटींसह येणारच." तिचं म्हणणं मला आजही धुडकावता येत नाही.

आता ते प्रकरण.

जुन्नर तालुक्यातली एक मुलगी एसआयपीसाठी त्या कंपनीच्या इनवर्डला, म्हणजे आलेला माल आत घेणाऱ्या विभागात, होती. विषय साधाच दिला होता: गाडी गेटवर आल्यापासून माल रॅकला लागेपर्यंत वेळ कुठे जातो. बहुतेक मुलं अशा विषयाचे चार फ्लो चार्ट काढतात आणि शेवटी 'बारकोड लावावा' असं लिहून मोकळी होतात. ही गेटवर जाऊन बसली. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लांबडं रजिस्टर असतं. त्यात गाडी नंबर, चलन नंबर, व्हेंडरचं नाव आणि इन टाइम वॉचमन हाताने लिहितो. त्यातली पानंच्या पानं तिने उतरवून घेतली आणि त्याच चलनांचं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची सिस्टिममधली नोंद, कोणत्या तारखेला झालंय ते शेजारच्या रकान्यात मांडलं. भोसरीच्या एका छोट्या व्हेंडरची गाडी मंगळवारी सकाळी आत आलेली आणि जीआरएन पुढच्या सोमवारचं. माल मात्र बुधवारीच लाइनला गेलेला. वापरूनही झाला, पण कागदावर तो अजून आलेलाच नव्हता.

पोरीने घाईने निष्कर्ष काढला नव्हता. क्वालिटीने अडवलेले लॉट तिने बाजूला काढले. पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि चलन जुळत नव्हतं तेही वेगळे केले. उरलेल्या ओळींमध्ये जे दिसत होतं, ते परचेसमध्ये काम केलेल्या माणसाला एका नजरेत कळतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या मालाची नोंद पुढच्या महिन्यात पडत होती. महिनाअखेरच्या रिपोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे शिल्लक माल, कमी दिसते, प्लँटचं टार्गेट पुरं होतं. व्हेंडरच्या पेमेंटचे दिवस जीआरएनपासून मोजले जातात, म्हणजे त्याचे पैसे तेवढे दिवस आणखी अडकतात. 'लीन', म्हणजे कमीत कमी माल साठवून चालणारी, म्हणून जिचं कौतुक होतं, ती इन्व्हेंटरी कुठे नाहीशी झालेली नसते. ती भोसरीच्या शेडवाल्याच्या बँकेतल्या कॅश क्रेडिट कर्जावर चढलेली असते.

तिने कायदाही वाचला होता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. जीआरएन कधी केलं याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आणि आयकराचं ४३बी(एच) हे कलम आल्यापासून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. हे सगळं तिने दीड पानात लिहिलं होतं, कुठेही आवाज न चढवता. इतकी वर्षं रिपोर्ट तपासतेय, इतका सरळ रिपोर्ट माझ्या हातात आलेला नव्हता.

कंपनीतून फोन आला. आमचे डायरेक्टर सर आणि मी चाकणला गेलो. तिचे तिथले मेंटॉर सप्लाय चेनचे प्रमुख होते. माणूस सज्जन, आमच्याकडे तळमळीने शिकवायला यायचे. ते म्हणाले, "मॅडम, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण कागदावर कशाला?" मी म्हटलं, कंपनीचं नाव काढू, व्हेंडरची नावं काढू, आकड्यांऐवजी टक्के घालू. ते म्हणाले, रिपोर्ट लायब्ररीत जातो, सॉफ्टवेअरवर अपलोड होतो, कुणाचा प्लँट आहे हे चाकणमध्ये कुणालाही कळेल. त्यांची भीती खोटी नव्हती. मग म्हणाले, "मुलगी हुशार आहे. तिची ऑफर तयार आहे. तेवढं चॅप्टर बदलून द्या."

मुलगी बाहेर रिसेप्शनला बसली होती. मी तिला काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पानं काढते मॅडम. फीचं कर्ज आहे, मागे भाऊ शिकतोय. तुम्ही रागावणार नाही ना?" मी नाही म्हटलं आणि रागावलेही नाही. तत्त्वासाठी तिने नोकरी सोडावी असं सांगायचा मला अधिकार नव्हता, आज तीच वेळ आली तरी सांगणार नाही.

तिने ती पानं काढून त्या जागी क्रॉस-डॉकिंगवर, म्हणजे आलेला माल न साठवता थेट पुढे पाठवण्यावर, पुस्तकातलं एक प्रकरण घातलं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपुलकीने विचारलं, "हे सगळं पुस्तकात आहे. तू दोन महिने तिथे होतीस, तुला स्वतःला काय दिसलं?" तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघून तिने क्रॉस-डॉकिंगचे फायदे सांगायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. परीक्षकांनी 'प्रयत्न बरा' असं म्हणून मार्क दिले. मी गाइड म्हणून शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांना काही सांगू शकत नव्हते.

त्यानंतर कराराची मुदत आली तेव्हा मी तीन कलमं मागितली. कंपनीला रिपोर्टमधली नावं आणि आकडे झाकता येतील, पण मुलाचा निष्कर्ष बदलायला सांगता येणार नाही. नोकरीची ऑफर आणि रिपोर्ट यांची बोलणी एका बैठकीत होणार नाहीत. आणि एसआयपीच्या काळात गाइडला फ्लोअरवर यायची मुभा असेल. स्टायपेंडचंही बोलले होते, कारण अप्रेंटिसच्या स्टायपेंडचा किमान आकडा नियमाने ठरलेला असतो आणि एसआयपीच्या मुलांना तसं संरक्षण नाही. पण ते मी ताणून धरलं नाही. तिसरं कलम त्यांनी मान्य केलं. पहिल्या दोन कलमांवर त्यांच्या लीगलने काट मारली. डायरेक्टर सरांनी माझी बाजू घेतली आणि करार तिथेच संपला.

पुढच्या बॅचला फटका बसला. नाकारून काय करू? त्या कंपनीइतकं पॅकेज देणारं दुसरं कुणी त्या वर्षी कॅम्पसला आलं नाही. एक वडील केबिनमध्ये येऊन म्हणाले, "तुमचा पगार चालू आहे ना? मग तुम्हाला तत्त्वं परवडतात." मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि उत्तर देऊ शकले नाही. पण जे मला 'ताठर' म्हणतात त्यांना माझाही एक प्रश्न आहे. दोन महिने मूल पाठवायचं आणि त्याला जे दिसलं ते सोडून बाकी सगळं लिहायला लावायचं, तर त्याला आपण शिक्षण का म्हणतो? नव्या शैक्षणिक धोरणात ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळतात. क्रेडिट कशाचे, हजेरीचे?

आता आम्ही भोसरीतल्या लहान कारखान्यांबरोबर काम करतो. मुलं स्टोअर्समधला माल मोजतात, एबीसी लावतात, म्हणजे किमतीच्या महत्त्वाप्रमाणे मालाचे तीन गट पाडतात, पडून राहिलेला माल शोधून काढतात. मालक स्वतः रिपोर्ट वाचतो, वाद घालतो, कधी चिडतो, पण पानं काढायला सांगत नाही. ब्रोशरवर छापावं असं यातलं एकही नाव नाही, आणि "ही कुठली कंपनी?" हे प्रत्येक पालक विचारतो.

ती मुलगी अजून चाकणलाच आहे, आता इनवर्ड तीच बघते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. गेटवरच चलन स्कॅन करून तीच तारीख सिस्टिममध्ये जायला लागली आहे, काही व्हेंडरपुरती का होईना. ते तिने वरिष्ठांच्या मागे लागून करून घेतलं. म्हणाली, "मॅडम, रिपोर्टमध्ये लिहून राहिलं असतं तर हे झालं नसतं. तुम्ही टायअप ठेवायला हवा होता. आणखी दोन मुलं आत आली असती तर सगळ्या व्हेंडरचं झालं असतं." मला आनंद झाला आणि मी तिला तसं सांगितलंही. पण जे तिला नोकरीत शिरून, वर्षं घालवून करावं लागलं, ते त्या दीड पानात आधीच लिहिलेलं होतं. आणि जी मुलं आत जाऊन नुसतीच गप्प राहायला शिकतात, त्यांचा मला फोन येत नाही. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही.

आता त्याच कंपनीच्या एचआरचा मेल आलाय, पुन्हा बसू या म्हणून. मी तीच कलमं पाठवली आहेत, फक्त पहिल्यात एक सवलत देऊन: त्यांना हवं असेल तर रिपोर्ट दोन वर्षं लायब्ररीत ठेवणार नाही, पण परीक्षकासमोर तो पूर्ण जाईल. यालाही ते नाही म्हणाले तर काय करायचं, यावर आमच्या विभागात एकमत नाही. माझंही माझ्याशी नाही. एसआयपीची यादी लावायची वेळ मात्र जवळ आली आहे.